बसमधल्या धुण्याचा कुबट वास: आधी पाणी ओळखा, मग साबण

टॉवेल कोरडा असेपर्यंत काही कळत नाही. अंघोळ करून अंग पुसलं, टॉवेल जरा ओला झाला, की लगेच कुबट वास सुटतो. सदरा घालून तासभर उन्हात काम केलं की काखेतून तोच वास. काळ्या पँटवर वाळल्यानंतर पांढऱ्या रेघा, आणि पांढरं बनियन महिन्याभरात पिवळट. बसमध्ये राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. त्यावर सगळे एकच उपाय करतात: पुढच्या खेपेला पावडर जास्त टाकतात. वास चार दिवस दबतो आणि मग आणखी जोरात परत येतो.

आम्ही नवरा-बायको जुन्या शाळेच्या बसमध्ये घर करून राहतो. बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत गावोगावच्या शाळांत विज्ञानाचे प्रयोग दाखवत फिरतो. आज पूर्णेच्या काठी, पंधरा दिवसांनी वैनगंगेच्या. दर मुक्कामाला पाणी बदलतं, आणि धुण्याचा सगळा घोळ तिथेच सुरू होतो. घरात राहणाऱ्याला एकाच पाण्याची सवय होऊन जाते, आपल्याला तशी होत नाही. त्यामुळे बसमधल्या धुण्याची दुरुस्ती साबणापासून करायची नसते. आधी पाणी पाहायचं, मग खंगाळणं, मग वाळवणं, आणि साबणाची पाळी सगळ्यात शेवटी.

नेमकं बिघडलंय काय, ते आधी पाहा

एक धुतलेला, वाळलेला, घडी घालून ठेवलेला टॉवेल घ्या. स्वच्छ बादलीत चांगलं पाणी घेऊन त्यात तो बुडवा आणि पाच-सहा वेळा दाबून पिळा. पाणी गढूळ झालं किंवा फेस आला, तर तुमचे कपडे धुतले जातात पण खंगाळले जात नाहीत. ही परीक्षा मी ज्यांना ज्यांना करायला लावली, ते फेस पाहून गप्प झाले. कपड्यात राहिलेली पावडर घाम आणि अंगाचं तेल धरून ठेवते. ओल मिळाली की जिवाणू त्याच्यावर वाढतात. न वाळलेल्या कपड्यांच्या वासाचं मूळ शोधणाऱ्या जपानी संशोधकांना २०१२ मध्ये मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू सापडला. साध्या धुण्याने तो जात नाही, कपडा वाळला तरी तगून राहतो, आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. म्हणून कोरडा टॉवेल बरा आणि ओला टॉवेल वासाचा.

दुसरी परीक्षा पाण्याची. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धी बाटली गावचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाका आणि जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत पावसाचं किंवा आरओच्या जारचं पाणी घेऊन तेच करा. चांगल्या पाण्यावर बोटभर फेस टिकतो. जड पाण्यात फेस येत नाही, वर दह्यासारखा साका तरंगतो. या परीक्षेला साबणच हवा, धुण्याची पावडर नको, कारण पावडर जड पाण्यातही फेस देते आणि आपली फसगत होते.

तिसरी परीक्षा काळ्या कपड्यावरच्या पांढऱ्या रेघेची. बोटाने चोळा. मेणचट, चिकट लागली तर तो साबणाचा साका, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे. कोरडी आणि खरखरीत लागली, आणि पाण्याचा एक थेंब टाकताच विरघळली, तर ते मीठ. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

खिशात मावणारा टीडीएस मीटरही (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन ठेवा, स्वस्त मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही चांगली मर्यादा धरली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं आहे. धुण्यासाठी माझा नियम असा: आकडा हजाराच्या वर गेला की ते पाणी शेवटच्या खंगाळणीला वापरायचं नाही. पहिल्या धुण्याला चालेल. मीटर पाण्यातले क्षार सांगतो, जडपणा सांगत नाही, म्हणून मीटर असला तरी बाटलीची परीक्षा सोडू नका.

खारपाणपट्ट्यातलं धुणं

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी खारं, बोअरचं त्याहून खारं. दर्यापूरकडच्या एका गावात शाळेमागे बस लावून बोरिंगवर बादली भरत होते, तेव्हा शेजारच्या मावशींनी येऊन हटकलं, “ताई, हे पानी धुन्याले कामाचं नाई वं. साबनाले फेसच येत नाई याच्यात. पह्यलं धुनं याच्यात काढा, अन् शेवटचं पानी नळाचं घ्या.” नळाचं म्हणजे धरणातून पाइपाने येणारं गोडं पाणी. ते रोज येत नाही, म्हणून तिथल्या बायका ते जपून शेवटालाच वापरतात. आमच्या धुण्याची सगळी रीत या एका वाक्यावर उभी आहे.

खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा उन्हाळ्यात कडक होतो, एवढंच. खरी गंमत पावसाळ्यात कळते. कपड्यात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. साधं मीठ हवा ७५ टक्क्यांच्या वर दमट झाली की पाझरायला लागतं, आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्लोराइड त्याच्याही आधी. म्हणजे दोरीवर वाळलेला कपडा घडी घालून ठेवला की कपाटात पुन्हा ओलसर होतो. आपण म्हणतो नीट वाळला नव्हता. तो वाळला होता, मिठाने पुन्हा ओला केला. अशा कपड्याला कितीही सुगंधी द्रव लावा, वास परतणारच.

इथे धुण्याच्या सोड्याबद्दल एक गैरसमज काढून टाकते. धुण्याचा सोडा पाण्यातला जडपणा कमी करतो, मीठ काढत नाही. उकळूनही मीठ जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते वाढतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, तिचा या दोन्हींशी संबंध नाही. तेव्हा साका येत असेल तर सोडा वापरा, मिठाच्या रेघा येत असतील तर शेवटचं पाणी बदला. खारपाणपट्ट्यात बहुतेक वेळा दोन्ही करावं लागतं.

सोडा वापरायची पद्धत: १५ लिटरच्या बादलीत एक चहाचा चमचा सोडा टाकून ढवळा, पाणी फार जड असेल तर दोन. पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पाणी आधी दुधाळ दिसतं, मग पांढरा गाळ तळाला बसतो. वरचं पाणी हलकेच दुसऱ्या बादलीत काढून त्यात पावडर टाका, नेहमीच्या निम्मी. बादली प्लास्टिकची असू द्या, ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा खातो. लोकर आणि रेशीम यात घालू नका. त्यांच्यासाठी रिठा उत्तम: रिठ्याचा फेस जड पाण्यातही साका धरत नाही आणि धाग्यालाही सौम्य असतो. हाताला भेगा असतील तर हातमोजे घाला.

लोणारला मुक्काम असला की हमखास कोणीतरी विचारतं, सरोवराचं पाणी इतकं सोड्याचं आहे तर त्यातच कपडे का धुवू नयेत? लोणारच्या क्षारांचा लौकिक जुना आहे. साबण आणि काच करायला लागणारा माल या भागात मिळतो, अशी नोंद आइन-इ-अकबरीत आहे. पण आज ते सरोवर अभयारण्यात आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे जगभर महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, आहे, आणि तिथल्या अतिसूक्ष्म जीवांचं जग दुसरीकडे मिळणार नाही. त्या पाण्याला कपडा लावायचा नाही. गावात नळाचं पाणी मागा, मिळतं.

शेवटचं पाणी कुठून आणायचं

बसच्या मुख्य टाकीत शेवटचं पाणी ठेवू नका, तिथे ते सगळ्यात मिसळून जातं. वेगळा कॅन ठेवा, पन्नास लिटरचा पुरतो, आणि त्यावर ठळक लिहा ‘शेवटचं’. तो नळाच्या पाण्याने भरा. नळ नसेल तर आता गावोगाव आरओचे जार मिळतात, एका जारात २० लिटर येतं. दोघांच्या दोन दिवसांच्या कपड्यांच्या शेवटच्या खंगाळणीला एक जार होतो.

पावसाळ्यात याहून सोपी वाट आहे, आणि तिच्याकडे लोक वर मान करून पाहत नाहीत याचं मला वाईट वाटतं. आमच्या बसचं छप्पर साधारण ८ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद आहे. १० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर पावणेदोनशे लिटर पाणी उतरतं, तेही सगळ्यात मऊ पाणी. छपराच्या एका कडेला पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हाळ बसवा, बस त्या बाजूला किंचित कलेल अशी लावा, आणि पन्हाळीखाली ड्रम ठेवा. पहिली दहा मिनिटं पाणी वाहून जाऊ द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. पुढचं पाणी गाळून भरा. या पाण्यात पावडर निम्म्याहूनही कमी लागते. खारपाणपट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही शेवटच्या खंगाळणीला दुसरं पाणी घेतच नाही.

आता खंगाळण्याचं गणित, कारण पाणी कमी असलं की लोक नेमकी इथेच काटकसर करतात. पिळलेल्या कपड्यांत एक लिटर साबणाचं पाणी राहिलं आहे असं समजा. ते १० लिटर पाण्यात एकदा खंगाळले तर साबण अकराव्या हिश्श्यावर येतो. तेच १० लिटर ५-५ असं दोनदा वापरलं आणि मध्ये नीट पिळलं, तर साबण छत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. पाणी तेवढंच. म्हणून मोठ्या बादलीत एकदा बुचकळण्यापेक्षा लहान बादलीत दोनदा, आणि प्रत्येक वेळी अगदी पिळून. दुसऱ्या खंगाळणीचं पाणी फेकू नका, पुढच्या घाण्याच्या पहिल्या खंगाळणीला ते चालतं.

शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धा चमचा लिंबूसत्व टाकलं की उरलेला क्षार सुटतो, टॉवेल मऊ राहतो आणि रंग उजळतो. एक कडक सूचना: लिंबूसत्व किंवा कुठलंही आंबट आणि ब्लिचिंग पावडर एकाच बादलीत कधीही आणू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बससारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. ग्रामपंचायत विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकते ते ठीक, ती प्रमाणात असते. बसमध्ये मात्र दोन्ही डबे शेजारी ठेवू नका.

मशीन घ्यावं का

पूर्ण ऑटोमॅटिक मशीन एका घाण्याला पन्नासपासून शंभर लिटरपर्यंत, कधी त्याहून जास्तही पाणी घेतं. बसच्या टाकीला ते झेपत नाही, आणि खाऱ्या पाण्यात मशीनही टिकत नाही. मी बसमध्ये मशीन ठेवायच्या विरोधात आहे. एक अपवाद: नुसता पिळणारा ड्रायर, ज्याला दुकानदार स्पिनर म्हणतात. हाताने कितीही पिळलं तरी सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाएवढं पाणी राहतं. स्पिनर पाच मिनिटांत त्यातलं बरंच काढतो. अडीचशे वॅटचा धरला तर पाच मिनिटांना वीस-एकवीस वॉट-तास लागतात, बॅटरीला ते जाणवतही नाही. मोटर सुरू होताना मात्र काही पट जास्त विजेचा झटका घेते, म्हणून इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) आणि ऐपतीने मोठा हवा. स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर घुमते, तापते आणि जळते. बस सपाट जागी उभी नसेल तर स्पिनर थयथयाट करतो, आधी चाकाखाली फळी सरकवून पातळी साधा.

धुण्यासाठी रस्त्याचाच उपयोग करा. रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा २५ लिटरचा निळा ड्रम घ्या. अर्ध्यापर्यंत कपडे, दोन तृतीयांश पाणी, थोडी पावडर. झाकण लावून ड्रम मोरीत उभा करा आणि जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी दोन ठिकाणी आवळून बांधा. मागच्या चाकांच्या जवळ धक्के जास्त बसतात, आमची मोरी तिथेच आहे. पांदण रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर गेलं की कॉलर सोडून बाकी कपडे निघालेले असतात. हायवेवर तेवढं होत नाही, तिथे दुप्पट अंतर धरा. ड्रममध्ये गरम पाणी भरून झाकण आवळू नका, आत दाब तयार होतो आणि झाकण उडतं. दिवसभर भिजत विसरूही नका. उन्हाळ्यात बसच्या आत भिजलेले कपडे संध्याकाळपर्यंत आंबतात, आणि तो वास काढणं मूळ वासाहून अवघड.

वाळवणं: खरी परीक्षा झडीत

विदर्भातल्या उन्हाळ्यात वाळवण्याबद्दल काही सांगायला नको. ४५ अंशांत सदरा अर्ध्या तासात वाळतो. रंगीत कपडे उलटे करून सावलीत घाला, नाहीतर एका मोसमात विटतात. हिवाळ्यात दव पडायच्या आत दोरी उतरवा. पूर्वेकडे जंगलाच्या कडेला मुक्काम असेल तर झुडपांवर कपडे पसरू नका. दिवाळीनंतर तिथे खाजकुहिलीच्या शेंगा पिकतात, त्यांची कुसं कपड्यात शिरली की अंगाची आग होते आणि धुऊनही ती लवकर जात नाहीत. दोन झाडांना दोरी बांधा.

झड लागली की खेळ बदलतो. चार-पाच दिवस सूर्य नाही, भुरभुर थांबत नाही, हवा दमट. मग सगळे बसमध्ये दोरी बांधतात आणि खिडक्या लावून घेतात. तीन किलो कपडे हाताने पिळून आत टांगले म्हणजे जवळजवळ तीन लिटर पाणी तुम्ही बसच्या हवेत सोडलं. ते जाणार कुठे? रात्री पत्रा गार पडतो, पाणी छताला आतून धरतं, थेंब गादीवर पडतात, प्लायच्या मागे पत्र्याला गंज लागतो. सकाळी कपडे ओलेच, आणि आता गादीलाही वास.

गॅस पेटवून कपडे वाळवायचा विचार मनातूनच काढून टाका. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे तुम्ही हवा आणखी ओली करता. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, आणि आगीचा तर आहेच. शेगडीच्या वर दोरी बांधलेली बस दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

झडीत आम्ही जे करतो ते असं. मोठं धुणं काढतच नाही. रोज चार कपडे, जास्त नाही. जीन्स, जाड टॉवेल आणि सोलापुरी चादर जूनमध्ये बांधून वर ठेवतो. अंग पुसायला पंचा, अंथरायला जुनी सुती साडी. पंचा पावसाळ्यातही दोन-तीन तासांत वाळतो, टर्किश टॉवेल दोन दिवस घेतो. हा एकच बदल केलात तरी वासाची अर्धी तक्रार मिटेल.

पिळताना कपड्यावर कोरडा पंचा ठेवून दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर उभे राहा. स्पिनर नसेल तर यासारखा उपाय नाही. मग बसच्या लांबीत दोरी बांधा, आडवी नको, म्हणजे वारं कपड्यांच्या मधून जातं. दोन कपड्यांत चार बोटं जागा. सदरे हँगरला, बटणं उघडी. मागची खिडकी आणि छतावरचा झरोका उघडा ठेवून दोरीखाली १२ व्होल्टचा पंखा लावा. वीस वॅटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तर १६० वॉट-तास जातात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतले तेरा-चौदा अँपिअर-तास. झडीत सोलर कमी चार्ज देतं हे धरूनही हा खर्च करण्यासारखा आहे. पंखा हवा गरम करत नाही, फक्त हलवतो, पण कपड्याभोवतीचा दमट थर हलला की वाळणं पुष्कळ वेगाने होतं.

प्रवास असेल तर आणखी चांगलं. चालत्या बसमध्ये पुढची खिडकी आणि मागचा झरोका उघडा ठेवला की वारा सरळ दोरीतून जातो. ड्रायव्हरजवळ मात्र काहीही टांगू नका, आणि इंजिनाच्या बॉनेटवर मोजे पसरू नका. ते घसरून पेडलखाली गेले तर वाळवणं महागात पडेल.

आधीच वास धरलेले कपडे

वर सांगितलेलं सगळं पुढच्या धुण्यासाठी. ज्या कपड्यांत वास मुरला आहे, त्यांना एकदा मुळापासून साफ करावं लागतं. पावडर न टाकता, पहिल्यांदा नुसत्या गरम पाण्यात. सुती टॉवेल, बनियन, पंचे ६० अंशांच्या वरच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. हात घालवणार नाही इतकं ते गरम असतं, काठीने दाबा. मे महिन्यात छतावरच्या काळ्या ड्रममधलं पाणी दुपारी आपोआप बरंच तापतं, वरून एक पातेलं उकळतं पाणी टाकलं की काम होतं. इतर वेळी शेतात कोणाची चूल पेटली असेल तर पऱ्हाट्यांवर हंडाभर पाणी तापवून घेते, शेतकरी काकू नाही म्हणत नाहीत. बादलीतलं पाणी मळकट चहाच्या रंगाचं होईल. ते जुनं साबण आणि मळ आहे. ते ओतून द्या, मग एक चमचा सोडा घालून पुन्हा तसंच, आणि नंतर चांगल्या पाण्यात दोनदा खंगाळून लिंबूसत्व. नायलॉन, लवचीक कपडे आणि रंग जाणारे कपडे इतक्या गरम पाण्यात घालू नका. त्यांना कोमट पाणी, जास्त वेळ.

हे एकदाच करायचं आहे. दर महिन्याला करावं लागत असेल तर खंगाळणं किंवा वाळवणं अजून चुकतंय.

पिवळे पडणारे पांढरे कपडे

पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याच्या काही बोअरच्या पाण्यात लोह असतं. पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत तासाभराने तांबूस होतं. अशा पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकली की पांढरा कपडा उलट आणखी पिवळा होतो, कारण लोह गंजून धाग्यातच बसतं. संध्याकाळी ड्रममध्ये पाणी उंचावरून ओतून भरा, दोन-चारदा उपसून पुन्हा ओता, म्हणजे हवा मिसळते. रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबडा गाळ दिसेल, तो न ढवळता वरचं पाणी पातळ फडक्यातून गाळून घ्या. पिवळ्या झालेल्या कपड्याला लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवा, मग धुवा. जुना डाग एका वेळेत जात नाही.

साबणाचं पाणी कुठे

नदी, विहीर, बोडी (लहान तळं), मामा (माजी मालगुजारी) तलाव यांच्या काठावर पावडर न्यायची नाही. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत मासे आणि शिंगाडे पिकतात, त्यावर घरं चालतात. बोरिंगच्या ओट्यावरही धुऊ नका, ते पाणी मुरून पुन्हा त्याच बोरिंगला जातं. पाणी भरा आणि दूर जा.

काळ्या मातीच्या वावरात एकाच ठिकाणी रोज साबणाचं पाणी ओतू नका. सोड्यातलं सोडियम काळ्या मातीचे कण फोडतं, माती चोपण होते आणि पाणी मुरत नाही. खारपाणपट्ट्यात शेतकरी आधीच चोपण जमिनीशी झगडतोय, आपण त्यात भर घालायची नाही. पहिलं साबणाचं पाणी मुरमाड जागी पसरून ओता, रोज जागा बदलून. शेवटच्या खंगाळणीचं पाणी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला घातलं तर चालतं. आणि स्वतःच्या बसखाली तर मुळीच नको. भिजलेल्या काळ्या मातीत चाक बसलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

रजई, ब्लँकेट आणि झडीतले जाड कपडे बसमध्ये धुवायचा हट्ट करू नका. तालुक्याच्या गावात वरठी, म्हणजे परीट, असतो. त्याला तिथलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं, कुठल्या विहिरीवर रंग राहतो आणि कुठल्या विहिरीवर जातो हे तो न विचारता सांगतो. गाडगेबाबा याच परीट समाजात, अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि खारपाणपट्ट्यातच, पूर्णेच्या काठी वाढले. वरठीदादाशी बसून बोला, पैसे कमी करायला घासाघीस करू नका.

एवढं करूनही वास आला तर

मग कपडे सोडा आणि कपाट पाहा. बसमधली कपाटं बहुतेक बाहेरच्या पत्र्याला टेकून बसवलेली असतात. एक सुका कपडा रात्रभर कपाटात ठेवा, एक बाहेर हँगरला. सकाळी दोन्हींचा वास घ्या. कपाटातल्याला वास असेल तर मागची फळी काढून पत्र्याला हात लावा. ओल लागेल. खिडकीच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत असतं, जुन्या बसला ही जागा ठरलेली. बाहेरून बादलीने पाणी मारा आणि आतून कोणाला तरी टॉर्च धरून पाहायला सांगा. झिरपणारी जागा सापडली की जुनं रबर काढा, पत्रा घासून कोरडा करा, गंजरोधक लावा, वाळला की नवं रबर सिलिकॉनवर बसवा. कपाटाची मागची फळी पत्र्यापासून दोन बोटं पुढे सरकवा आणि वर-खाली भोकं पाडा, म्हणजे मागून हवा खेळते. फळीचा प्लाय मऊ पडला असेल तर तो सुकवत बसू नका, बदला.